सुपाआडचा आकडा

अहो,

सकाळी तांदूळ पाखडायला घेतले आणि सूप जागेवर नाही. फळीवर नाही, दाराआड नाही, पिंपामागे नाही. मी सवयीने चिडले, सवयीने तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं आणि मग तसंच मिटलं. सूप लॅबमध्येच असणार. तुम्ही शेवटचं काम केलंत त्या दिवसापासून ते कॅलिब्रेटरला टेकून उभं आहे. नेलेली वस्तू जागेवर आणून ठेवणं तुमच्याकडून इतक्या वर्षांत झालं नाही, ते आता कुठलं व्हायला!

तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. बायका येतात, हात धरून बसतात, म्हणतात मोकळेपणी रडून घे गो. रडू येतं, नाही असं नाही. पण खरं सांगू? रडण्यापेक्षा राग जास्त येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण असताना तरी तुम्ही कुठे नीट भांडू दिलंत? मी तावातावाने काही बोलायला लागले की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "थांब, आधी मशीन गरम होऊ दे." मशीन गरम होईपर्यंत माझा राग थंड व्हायचा, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आता मशीन बंद आहे आणि तुम्ही उठून जाऊ शकत नाही. तेव्हा ऐका.

भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना अजून कळलेलं नाही की आपण दोघं पुढच्या खोलीत दार लावून करायचो काय. कुणाला वाटतं रेडिओ दुरुस्ती, कुणाला वाटतं विजेच्या बिलाचे मीटर. तुमची मावशी तर परवा म्हणाली, "त्याचं ते तपासायचं दुकान आता कोन चालवल?" म्हटलं, मावशी, दुकान नाही ते. कंपन्यांमध्ये वीज मोजायचे मीटर असतात, ते खरं बोलतात की खोटं, एवढंच आम्ही बघायचो. कॅलिब्रेटर म्हणजे खात्रीचं यंत्र. त्याला शंभर व्होल्ट सोड म्हटलं की ते शंभरच सोडणार. व्होल्ट, अँपिअर, ओहम, जे मागाल ते एकाच पेटीतून. त्याला कंपनीचा मीटर जोडायचा आणि तो किती दाखवतो ते बघायचं. अठ्ठ्याण्णव दाखवला, तर दोनने कमी. कागदावर लिहून द्यायचं. मावशी म्हणाली, "आणि यासाठी एसी?"

बघा, मावशीनेसुद्धा नेमकं तिथेच बोट ठेवलं. मे महिन्यातलं पेण, अंगाला पदर चिकटतोय, आपल्या झोपायच्या खोलीत घरघर करणारा पंखा, आणि एसी कुठे? तर यंत्राच्या खोलीत. का, तर त्याला दमट हवा सोसत नाही. मला सोसते. तुम्ही रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून हे यंत्र घरी आणलंत तेव्हा मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते, आणि तुम्ही म्हणालात, निरांजन लांब धर, धूर लागंल. तिथेच मी ओळखायला हवं होतं की या घरात आता मान कोणाला.

त्या दिवसांत कंपन्यांमध्ये क्वालिटीच्या सर्टिफिकेटाचं वारं सुटलं होतं. जो तो आपले मीटर तपासून घ्यायच्या मागे. कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो माणसाचा, कारण काम दोघांचं. एकाने यंत्र चालवायचं, दुसऱ्याने मीटर वाचायचा. बाहेरचा माणूस तुमच्यापुढे टिकेना, म्हणून मी. मॅट्रिक पास, भात पेरणाऱ्या घरातली, गागोद्याच्या बाजूची मुलगी. मला तुम्ही काटा वाचायला शिकवलंत. चांगल्या मीटरच्या काट्याखाली आरशाची एक पट्टी असते. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं, म्हणजे आपली नजर सरळ. मग वाचायचं. हे मला एका दिवसात जमलं. तुम्ही खूश झालात आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून माझं सूप उचलून नेलंत.

माहेरून आणलेलं सूप ते. बुरुडाकडून मुद्दाम विणून घेतलेलं, आईने दिलेलं. ते तुम्ही कॅलिब्रेटरच्या तोंडासमोर उभं केलंत, आकडा मला दिसू नये म्हणून.

"हे काय?" मी विचारलं.

"किती सोडलंय ते तुला कलता कामा नये."

"का बरं?"

"शंभर सोडलंय म्हटलं तं तुला शंभरच दिसनार. नजर झुकते."

"माझी नजर कशाला झुकेल?"

"सर्वांचीच झुकते गो. माझी पन झुकते."

हा उद्योग कुठून आला, तेही तुम्ही सांगितलंत. तुमचे वडील मिठागरावर होते. मीठ ओढायला झालं की नाही ते बांधावर उभं राहून नजरेने ठरवायचे. पण एकट्याने कधी ठरवायचे नाहीत. दुसऱ्या गड्याला बोलवायचे आणि आपलं मत पोटात ठेवून विचारायचे, बघ रे, तुला काय वाटतं? कारण आपण आधी बोललो की समोरचा नुसता व्हय म्हणतो. वडिलांची ती रीत तुम्ही यंत्राच्या खोलीत आणलीत. परदेशी बनावटीचं ते यंत्र, एसीची हवा, स्टॅबिलायझर, आणि मध्ये माझं सूप. बघणारे हसायचे. मीही हसायचे, आणि मग मला तांदूळ निवडायचे असले की रडकुंडीला यायचे. "अहो, पुठ्ठा लावा की!" "पुठ्ठा पडतो." "मग पाट लावा!" "पाट जड." सूप मात्र कसं छान टेकून राहायचं म्हणे.

पण एक सांगायचं राहिलं. आज सांगते. त्या कामातला शेवटचा भाग मला फार आवडायचा. सगळी रीडिंगं झाली, मी वाचलेलं सगळं कागदावर उतरलं, की तुम्ही दोन्ही हातांनी सूप उचलून बाजूला ठेवायचात. मग आपण दोघं वाकून बघायचो, यंत्राने किती सोडलं होतं आणि मी किती वाचलं. मीटर बरोबर निघाला की तुम्ही मान हलवायचात. चुकीचा निघाला की आणखी खूश व्हायचात, खोटारडा सापडला म्हणून. तुमचा नियम होता, "मोजनं झाल्यावर लपवायचं नाय." किती वेळा ऐकलंय मी हे. ते लक्षात ठेवा, पुढे त्यावरच माझं भांडण आहे.

पुढे काट्याचे मीटर कमी झाले आणि आकड्यांचे आले. तेव्हा मी म्हटलं, आता तरी माझं सूप सोडा. मीटरवर सरळ आकडाच उमटतो, त्यात माझी नजर काय झुकणार? तर तुम्ही म्हणालात, शेवटचा आकडा डुलतो, तेव्हा तू कुठला धरतेस? मी म्हटलं, जो जास्त वेळ थांबतो तो. तुम्ही म्हणालात, "आणि कुठला जास्त वेळ थांबला ते कोन ठरवतं?" या वादाचा निकाल कधीच लागला नाही. मला अजूनही वाटतं, मी बरोबर होते. तुम्ही परत येऊन सांगितलंत तरी मी ऐकणार नाही.

आणि धाटावचा तो दिवस! रमेशभावजींच्या जीपमधून गेलो होतो. ते गाडी चालवताहेत, मी मागे, आणि तुम्ही पुढे कॅलिब्रेटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेले. पेणपासून रोह्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला "रम्या, हळू!" भावजी शेवटी म्हणाले, "दादा, वैनीला पहिल्यांदा आनली तेव्हा बी येवढं नव्हतास बोलला." तुम्हाला ऐकू आलं नाही. यंत्राकडे कान होता तुमचा.

कंपनीतला साहेब तरुण होता, घाईत होता. त्याला जेवायला जायचं होतं. आपण मीटर मांडले, तुम्ही सूप लावलंत, पहिला काटा स्थिर होतोय न होतोय तोच तो मागून सुपाआड डोकावला आणि म्हणाला, "पन्नास आहे मॅडम, लिहा पन्नास, पुढे चला."

तुम्ही सगळं शून्यावर आणलंत. तारा काढल्यात. म्हणालात, "हे वाचन बाद."

"मीटर बाद?"

"मीटर नाय, साहेब. हिचं वाचन. हिच्या कानात पन्नास गेला. आता दुसरा आकडा घेऊन पहिल्यापासून."

तो हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. मग तुम्ही खरोखरच पहिल्यापासून सुरुवात केलीत, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो जेवायला गेला, जेवून आला, तरी आपण पहिल्याच रांगेत. जाता जाता तो त्याच्या माणसाला म्हणाला, मला ऐकू येईल असं, "पेणला मीटर तपासतात की नवरा-बायको लपंडाव खेळतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना मी नागोठण्यापर्यंत तुमच्याशी चकार शब्द बोलले नाही. नागोठण्याला भावजींनी वडे आणले. तुमचे दोन्ही हात यंत्रावर, म्हणून मलाच मागून तुम्हाला भरवावं लागलं, रागात असताना! त्याहून मोठी शिक्षा नाही. भरवता भरवता मी म्हटलं, "एक मीटर पन्नास म्हणून लिहिला असता, तर कुठली कंपनी बुडणार होती?"

तुम्ही वडा गिळलात आणि म्हणालात, "एकानं कोन बुडनार नाय. पन मग तुझ्या दुसऱ्या वाचनावर मी भरोसा कसा ठेवू?"

तेव्हा मला ते अपमानासारखं वाटलं. म्हणजे माझ्यावर भरोसा नाही, असं. मी घरी आल्यावर भांडी आपटली. तुम्ही म्हणालात, मशीन गरम झालंय वाटतं. असो.

मग तुम्ही मीठ सोडलंत.

हे मला आजही आठवलं की हात शिवशिवतात. मिठागरावर वाढलेला माणूस, ज्याला आमटीत मीठ कमी पडलं तर ताट फिरवायची सवय, त्याने एक दिवस जाहीर केलं की मी नवस बोललोय. लॅबला सरकारी मान्यता मिळेपर्यंत मीठ खाणार नाही. नवस? तुम्ही? गणपतीत आरतीला उभे राहून घड्याळ बघणारे तुम्ही? मी विचारलं, कोणाला बोललात नवस? "बोललो एकाला." पापड नाही, लोणचं नाही, सुकट नाही. तुमची डाळ वेगळी, भाजी वेगळी, सगळं अळणी. दोन चुली मांडल्यासारखं झालं घरात. मी करवादायची, "मान्यता देणारे काय तुमच्या डाळीत बोट घालून बघणार आहेत?" तुम्ही मुकाट जेवायचात. तुम्ही मुकाट जेवताय हेसुद्धा मला तेव्हा खटकलं नाही, काय म्हणू आता.

मान्यता मिळाली. कागद आला, तुम्ही भावजींना बोलावलंत, पेढे वाटलेत. मी संध्याकाळी पोह्याचे पापड तळले, आमटीत मापात मीठ घातलं, नवस फिटला म्हणून. तुम्ही पापडाचा एक तुकडा मोडलात, हातात धरून बसलात, आणि परत ताटात ठेवलात. "आता सवय झाली अळनीची." मी ताडकन उठले. म्हटलं, नवस फिटला तरी नवऱ्याचा हट्ट फिटत नाही. भावजी खाली मान घालून जेवत होते. त्यांना माहीत होतं. त्या पानावर बसलेल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं, आणि पापड तळणारी मी मूर्ख.

आता तुमच्या रोज सकाळच्या प्रश्नावर येते. गेलं दीडेक वर्ष तुम्ही रोज सकाळी, तोंड धुऊन झालं की दाढीचा फेस लावायच्या आधी, माझ्यासमोर येऊन उभे राहायचात. "कसा दिसतोय गो?" पहिल्यांदा मला हसू आलं. वाटलं, पन्नाशीत नटायला लागलाय माणूस. मग रोजचंच झालं. मी चहा गाळत असायची, पोळ्या लाटत असायची, आणि मध्येच हे. आणि मी काय, जसं दिसायचं तसं सांगायची. तुम्हीच लावलेली सवय. "डोळे सुजलेत, रात्री मीटरांची स्वप्नं पडली वाटतं." "आज बरे दिसताय, कालच्यापेक्षा." "पांढरेफटक दिसताय, हमरापूरच्या रंग न दिलेल्या गणपतीसारखे." तुम्ही विचारायचात, "कालच्यापेक्षा जास्त का कमी?" मी म्हणायची, "जास्त." तुम्ही म्हणायचात, "बरं." अगदी रीडिंग उतरवून घेताना म्हणायचात तसं, बरं.

डॉक्टरकडे जा असं मी सांगितलं नाही असं नाही. दहा वेळा सांगितलं. "जाऊन आलो. अशक्तपना हाय." आणि अधूनमधून भावजींबरोबर मुंबईला जायचात ते कशाला, तर मोठ्या लॅबमध्ये कॅलिब्रेटरचं काम आहे म्हणून. मला कधी शंका आली नाही, कारण कॅलिब्रेटरसाठी तुम्ही मुंबईलाच काय, चंद्रावर गेला असतात.

मग त्या शेवटच्या सकाळी तुम्हाला धाप लागली. पनवेलच्या हॉस्पिटलात न्यायला भावजींनी जीप काढली. मी मागच्या सीटवर तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आणि भावजी खड्ड्याखड्ड्याला गाडी हळू करत होते, न सांगता. हमरापूर फाटा गेला. रस्त्याकडेला मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कसा दिसतोय?"

मी म्हटलं, "गप पडा. बोलू नका."

एवढ्या वर्षांत मी रीडिंग दिलं नाही, ते एकदाच. मला दिसत होतं. पण मी सांगणार नव्हते. तुम्ही "बरं" म्हणाला नाहीत. मग पनवेलला पोचेपर्यंत बोलायचं काही उरलंच नव्हतं.

तेराव्याला पानं उठल्यावर भावजी मागच्या पडवीत येऊन उभे राहिले. एवढा दांडगा गडी, पण लहान मुलासारखे रडत होते. म्हणाले, "वैनी, मला शपथ घातली होती दादानं." आणि मग सगळं सांगितलं. मूत्रपिंडं गेली होती तुमची, दोन्ही. अळणी डॉक्टरने सांगितलं होतं, नवस कसला न् काय. रक्तात क्रिएटिनीन का काय ते असतं. ते साधारण एकच्या आसपास असायला हवं. तुमचं शेवटी नऊच्या वर. मुंबईच्या डॉक्टरने रक्त धुवायला यायला सांगितलं होतं, आठवड्यातून दोनदा. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू.

एकच्या जागी नऊ! अहो, कुठल्याही कंपनीचा असा मीटर आला असता तर तुम्ही त्याला तिथल्या तिथे लाल चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवला असता. स्वतःला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून रोज यंत्रासमोर बसवत होतात.

मी भावजींना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "मी पन तेच इचारलं दादाला. वैनीला सांग म्हटलं. तं बोलला, तिला आकडा सांगितला तं ती आकडाच बघत बसंल. मग माझ्याकडं कोन बघंल?"

मी तिथेच पडवीत बसले.

आता माझं म्हणणं ऐका. तुम्हाला वाटलं असेल, बायको गप्प होईल, पाघळेल, म्हणेल माझ्या नजरेवर केवढा हा भरोसा. नाही. मला राग आला आणि अजून येतोय. मी काय मीटर वाचत होते का? मी तुमच्याकडे बघत होते! तुम्ही मला लॅबमधल्यासारखं सूप लावून बसवलंत आणि रोज माझ्याकडून तुमचं वाचन काढून घेतलंत. मला कळलं असतं, तर मी तुम्हाला रंग न दिलेला गणपती म्हटलं असतं? त्या पापडाच्या तुकड्यावरून ताडकन उठले असते? मला तुमच्याशी गोड बोलायचं होतं हो. दीड वर्ष होतं त्यासाठी माझ्याकडे. माझं होतं ते. ते तुम्ही मला न विचारता घेतलंत.

आणि भांडून भांडून मी जिथे येते, तिथे माझी पंचाईत होते. कारण तुम्ही म्हणालात ते खरंच आहे. मला सांगितलं असतं, तर मी आकडाच बघत बसले असते. पुढच्या खेपेला साडेनऊ की पावणेनऊ, यातच माझा जीव राहिला असता. तुम्ही "कसा दिसतोय" विचारलंत तर मी डोळ्यांत पाणी आणून "छान दिसताय" म्हटलं असतं, आणि तुम्हाला कळलं असतं की हे वाचन बाद. अख्ख्या पेणमध्ये तुमच्याशी खोटं न बोलणारं एक माणूस तुम्हाला हवं होतं, आणि ते घरात होतं. शेवटपर्यंत तुम्हाला कोणीतरी करवादत होतं, सूप द्या म्हणून भांडत होतं, तुमची दया न करता तुमच्याकडे बघत होतं. हे तुम्ही मिळवलंत. ठीक आहे. त्याचं मला बरंही वाटतं, कधीकधी, चहा गाळताना. माझ्या नजरेवर एवढा भार आयुष्यात दुसऱ्या कोणी टाकला नव्हता.

पण नियम तुमचा होता ना? मोजणं झाल्यावर लपवायचं नाही. मग सूप का उचललं नाहीत? माझी रीडिंगं झाली होती. महिनोन् महिने दिली होती, सुजलेले, पांढरे, आजचे, कालचे. एखाद्या संध्याकाळी बसवायचं होतंत समोर, म्हणायचं होतंत, हे बघ गो, तू असं वाचलंस आणि खरं असं होतं. मी रडले असते, ओरडले असते, तुमच्या अंगावर धावून आले असते. मग दोघं वाकून बघितलं असतं, नेहमीसारखं. ते तुम्ही केलं नाहीत. आकडा भावजींनी सांगितला, पडवीत, तुम्ही नसताना. हे मी तुम्हाला माफ करायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

काल धाटावचा तो साहेब आला होता. तोच, लपंडाववाला. आता थोडं पोट सुटलंय. चपला बाहेर काढून आत आला, तुमच्या फोटोसमोर उभा राहिला. त्यांच्या कंपनीचे मीटर तुम्ही गेलात तेव्हापासून लॅबमध्ये पडून आहेत. म्हणाला, "मॅडम, परत घेऊन जाऊ का? मुंबईला पाठवतो." काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं, "राहू द्या." तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "या वेळी मी मागून आकडा सांगायला येणार नाही." मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तर आज सूप आणायला म्हणून लॅबमध्ये गेले आणि तिथेच राहिले. एसी लावला. यंत्र चालू केलं. धाकट्या जावेला, नंदाला, हाक मारली. मशीन गरम होईपर्यंत दोघी चहा पीत बसलो. नंदा म्हणाली, "ताई, सही कोनाची चालनार?" म्हटलं, ते पुढचं पुढे, आधी मीटर तर बघू. मग मी तुमच्या खुर्चीवर बसले, जिथे मी कधी बसले नव्हते. तिला माझ्या स्टुलावर बसवलं. काट्याखालचा आरसा दाखवला. सूप नीट टेकवलं आणि बटणं दाबली.

नंदा बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, किती सोडलंय?"

"तुला किती दिसतं ते सांग."

"सांगा ना. मी काय कोनाला सांगनार हाय?"

"नाही."

"आनि चुकले तं?"

"चुकलीस तर चूक लिहू."

ती फुरंगटली. अगदी माझ्यासारखी. मग वाकली, एक डोळा मिटला आणि वाचायला लागली. एकेक वाचन मी उतरवून घेतलं. बरं, म्हणाले. बरं. बरं. माझ्या तोंडून तो शब्द कसा येतोय ते मलाच ऐकू येत होतं.

सगळं वाचून झालं. माझे दोन्ही हात सुपावर होते. क्षणभर वाटलं, राहू द्यावं. लपवून ठेवण्यात काय सुख असतं ते मला त्या क्षणी कळलं, अहो. समोरचं माणूस आपल्याकडे केवढ्या विश्वासाने बघत असतं, आणि आकडा आपल्या एकट्याचा असतो.

मग मी सूप उचललं. "बघ नंदा," म्हटलं, "एवढं सोडलं होतं."

ती पुढे वाकली, मी पुढे वाकले, दोघींची डोकी एकमेकींना लागली. "जवळ आलं की!" ती म्हणाली, आणि हसायला लागली.

एवढंच होतं हो. दोन हातांनी धरायचं आणि बाजूला ठेवायचं. माझ्यासाठी एकदा एवढंच करायचं होतंत.